व्हॉल्व्हचा आवाज संगणकात कसा उतरवावा

सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे वाद्यांचे आणि गळ्यांचे जिल्हे आहेत. मिरजेची सतार आणि मिरजेचा तंबोरा यांचे नाव देशभर आहे. २०२४ साली या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. चैत्रात जत्रेला ढोलकी कडाडते, श्रावणात भजनाचे सप्ताह बसतात, लग्नाच्या वरातीत बँजो पार्टी वाजते. अलीकडे तालुक्याच्या गावी शिकणारी पोरे गिटारही छेडू लागली आहेत. या साऱ्या मंडळींच्या मनात एक इच्छा असते. आपले वाजवणे एकदा नीट मुद्रित व्हावे, मागाहून कोणाला ऐकवता यावे, एवढीच ती इच्छा.

पूर्वी यासाठी मुंबई-पुण्याची वाट धरावी लागे. आज शाळेच्या एका खोलीतही हे काम होऊ शकते. वाद्य, त्याचा आवाज उचलणारा प्रीअँप, संगणकाला जोडायची ऑडिओ इंटरफेस नावाची छोटी पेटी आणि एक साधा संगणक, एवढे सामान पुरते. पण पुष्कळदा होते काय, की सामान चांगले असूनही मुद्रण बिघडते. आवाज फाटतो, नाहीतर दबतो, किंवा पाठीमागे सारखी घूंऽ अशी गुणगुण चालू राहते. मग लोक यंत्राला नावे ठेवतात. बहुतेक वेळा यंत्र ठीकच असते, जोडणी चुकलेली असते. ही जोडणी कशी करावी, आणि तशीच का करावी, ते आज पाहू. विशेषतः व्हॉल्व्हवर चालणारा गिटारचा प्रीअँप घेऊ, कारण तो नीट जोडता आला की बाकीचे सारे सोपे जाते.

आधी व्हॉल्व्ह म्हणजे काय ते समजून घेऊ. जुन्या रेडिओच्या पाठीमागच्या भोकांतून लालसर उजेड दिसायचा, तो या व्हॉल्व्हचा. ही एक काचेची बाटली असते आणि तिच्यातली हवा काढून घेतलेली असते. आत मधोमध तापणारा कॅथोड, बाहेरच्या अंगाला धातूचा पत्रा, आणि दोहोंच्या मध्ये बारीक तारेची जाळी. कॅथोड तापला की त्यातून इलेक्ट्रॉन नावाचे विजेचे सूक्ष्म कण सुटतात आणि पत्र्याकडे धाव घेतात. जाळीवरचा विजेचा दाब किंचित बदलला, की ही धाव कमीजास्त होते. कालव्यावरचा पाटकरी दाराचे चाक फिरवतो, ते डोळ्यांपुढे आणा. चाकाला जोर लागतो थोडा, पण त्या थोड्या जोरावर केवढा तरी लोंढा कमीजास्त होतो. व्हॉल्व्हमध्ये वाद्याचा दुबळा संदेश चाक फिरवतो, आणि विजेचा मोठा प्रवाह त्याच्या तालावर हलतो. यालाच प्रवर्धन म्हणतात.

इंग्लंडात फ्लेमिंग यांनी १९०४ साली दोन भागांचा व्हॉल्व्ह केला. अमेरिकेत डी फॉरेस्ट यांनी १९०६ साली त्यात जाळी घातली. या जाळीने काय साधले, याचा दाखला आपल्या मिरजेतच आहे. उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेस राहत. शतकाच्या आरंभी त्यांच्या ज्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, त्या भोंग्यापुढे गाऊन घेतलेल्या. विजेचा तेथे संबंध नव्हता. गळ्याच्या जोरावरच सुई हालायची. पुढे १९२५ पासून मायक्रोफोन आणि व्हॉल्व्ह वापरून ध्वनिमुद्रण होऊ लागले, आणि खाँसाहेबांच्या १९३० नंतरच्या ध्वनिमुद्रिका या नव्या रीतीच्या आहेत. खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांच्या हळुवार स्वरांतले बारकावे आज आपल्याला ऐकू येतात, याचे थोडे श्रेय त्या काचेच्या बाटलीलाही आहे.

१९४७ साली अमेरिकेत ट्रान्झिस्टर निघाला. १९६३ साली सांगलीस आकाशवाणी केंद्र सुरू झाले, त्या सुमारास तो आपल्याकडेही घरोघर येऊ लागला होता, आणि रेडिओतून व्हॉल्व्ह हळूहळू गेला. मग गिटारवाले त्याला अजून का धरून आहेत? कारण असे, की व्हॉल्व्हवर भार जास्त झाला तर आवाज एकदम तुटत नाही. त्याच्या लहरींची टोके हळूहळू गोल होत जातात आणि आवाजाला एक ऊब, एक खर येते. वादकाला ती हवी असते. प्रीअँपमध्ये पुष्कळदा ‘१२एएक्स७’ नावाचा छोटा व्हॉल्व्ह असतो. एका बाटलीत दोन व्हॉल्व्ह बसवलेले, आणि एकेक भाग संदेश पन्नास-साठ पट वाढवू शकतो.

आता वाद्याकडे येऊ. गिटारच्या तारांखाली लोहचुंबक असते आणि त्याभोवती तांब्याच्या केसासारख्या तारेचे हजारो वेढे असतात. याला पिकअप म्हणतात. पोलादी तार थरथरली की वेढ्यांत विजेचा बारीक संदेश उमटतो. आपल्या बँजो पार्टीतला बँजोही असाच आहे. त्याचे मूळ जपानात. नागोया शहरी १९१२ साली मोरिता यांनी टंकलेखनयंत्रासारख्या कळा बसवून हे तंतुवाद्य केले. तेच आपल्याकडे बुलबुलतरंग झाले, आणि पिकअप बसवल्यावर वरातीतला बँजो झाले. तेव्हा गिटारचे जे नियम, तेच बँजोचे. मात्र पितळी तारेला हा पिकअप दाद देत नाही. तंबोऱ्यासाठी लाकडाला चिकटणारा वेगळा पिकअप लागतो, नाहीतर सरळ माईक लावावा.

पिकअपचा संदेश अगदी अशक्त असतो. अशक्त बैलाला रिकामी गाडी जुंपली तर तो चालतो. ऊस भरलेली गाडी जुंपली तर जागीच बसतो. विजेच्या भाषेत हा भार ओहम या मापाने मोजतात, आणि गंमत अशी की ओहमचा आकडा मोठा तर भार हलका. गिटारला सुमारे दहा लाख ओहमची जागा लागते. तिला दहा हजार ओहमच्या जागी जोडले, तर आवाज दबतो आणि त्याची धार बोथट होते. प्रीअँपचे पहिले काम हेच. तो दुबळ्या संदेशाला हलक्या हाताने उचलतो, वाढवतो, आणि पुढची गाडी ओढण्याइतका धट्टाकट्टा करून बाहेर सोडतो.

पुढचा टप्पा इंटरफेसचा. संगणकाला आकड्यांपलीकडे काही कळत नाही. इंटरफेस हा दुभाषी आहे. येणारा संदेश तो सेकंदाला ४८,००० वेळा मोजतो आणि प्रत्येक मापाचा आकडा संगणकाला सांगतो. जुन्या सीडीसाठी हा वेग ४४,१०० होता. मोजायची पट्टी किती बारीक, ते बिटांवर ठरते: १६ बिटांत ६५,५३६ पायऱ्या, तर २४ बिटांत १,६७,७७,२१६. मुद्रण २४ बिटांतच करावे. एका माईकचे किंवा एका वाद्याचे असे मुद्रण मिनिटाला सुमारे ८.६ मेगाबाइट जागा घेते, म्हणजे तासाला पाचशेच्या वर. आजच्या संगणकाला हे काहीच नाही.

आता कळीचा मुद्दा. इंटरफेसला संदेश आत घ्यायच्या तीन तऱ्हा असतात, आणि त्या तिन्हींची भूक वेगवेगळी असते. पहिली माईकची. माईक काही मिलिव्होल्टच देतो, म्हणून ही वाट येणारा संदेश फार मोठा करते. दुसरी वाद्याची. पिकअप शंभरेक मिलिव्होल्टपासून जोराच्या आघाताला एक व्होल्टपर्यंत देतो, आणि ही वाट त्याला दहा लाख ओहमचा हलका भार देते. तिसरी लाइनची. तेथे आधीच वाढवलेला संदेश अपेक्षित असतो. घरगुती यंत्रांत त्याचे माप सुमारे ०.३२ व्होल्ट, तर व्यावसायिक यंत्रांत सुमारे १.२३ व्होल्ट धरतात.

मग प्रीअँप कोठे जोडायचा? त्याने संदेश आधीच वाढवला आहे, तेव्हा त्याची जागा लाइनची. ‘आवाज गिटारचा, म्हणून गिटारचेच भोक’ असे वाटणे साहजिक आहे, पण गिटार आता प्रीअँपच्या अलीकडे राहिली. इंटरफेसला जे भेटते, ते प्रीअँपचे तोंड. पुष्कळ पेट्यांवर एकाच भोकात दोन सोयी असतात: बाजूच्या तीन छिद्रांत माईकची पिन आणि मधल्या भोकात पाव इंची जॅक. प्रीअँपचा जॅक मधल्या भोकात घालावा आणि शेजारचे वाद्याचे बटण बंद ठेवावे. तीन पिनांच्या माईकच्या भोकात तो कदापि घालू नये. एक तर तेथे आवाज फाटेल. आणि दुसरे, काही माईकांसाठी त्या पिनांवर ४८ व्होल्टची वीज सोडता येते, ती प्रीअँपच्या तोंडात उलटी शिरू शकते. प्रीअँप जोडताना ते ४८ व्होल्टचे बटण बंद आहे ना, हे पाहून घ्यावे.

याहून मोठा धोका एकच. काहींकडे नुसता प्रीअँप नसून कर्ण्याला किंवा स्पीकरला चालवणारा पूर्ण ॲम्प्लिफायर असतो. त्याच्या पाठीवर स्पीकरचे तोंड असते. तेथून इंटरफेसला वायर नेऊ नका. हिशोब करून पाहा: २० वॅटचा ॲम्प्लिफायर ८ ओहमच्या स्पीकरला पुऱ्या जोरात साडेबारा व्होल्टच्या वर देतो. एक-सव्वा व्होल्टच्या अपेक्षेने बसलेल्या इंटरफेसची अशाने राख व्हायची. शिवाय व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर स्पीकर न जोडता चालवला, तर त्याचा आतला ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. अशा यंत्रावर ‘लाइन आऊट’ असे लिहिलेले वेगळे भोक असेल तरच ते वापरावे, आणि स्पीकर जोडलेला ठेवावा.

जोडणी झाली, आता आवाज किती सोडायचा ते ठरवू. जुन्या मंडळींना मोट आठवत असेल. मोटेचे पाणी थारोळ्यात पडते, थारोळ्यातून पाटात, पाटातून वाफ्यात. मोट मोठी आणि थारोळे लहान, तर पाणी काठावरून वाया जाते. पाट रुंद पण मोट गळकी, तर वाफ्यापर्यंत काहीच पोचत नाही. वाद्य, प्रीअँप आणि इंटरफेस यांचे हेच नाते आहे. प्रत्येक जागेने पुढच्या जागेला मावेल तेवढेच द्यावे.

प्रीअँपला बहुधा दोन खुंट्या असतात. एक ‘गेन’ची, तिने व्हॉल्व्हवर किती भार टाकायचा ते ठरते, म्हणजे आवाजाचा पोत ठरतो. दुसरी ‘लेव्हल’ची, तिने तयार झालेला आवाज बाहेर किती सोडायचा ते ठरते. म्हणून आधी गेनच्या खुंटीने मनासारखा पोत जमवा. मग लेव्हल अर्ध्यावर ठेवा आणि इंटरफेसची खुंटी अगदी तळाला. वादकाला कार्यक्रमातला सर्वांत जोराचा तुकडा वाजवायला सांगा आणि इंटरफेसची खुंटी हळूहळू चढवा. संगणकावरच्या मापपट्टीत शून्य हे छप्पर असते. जोराचा आघात उणे बारा ते उणे सहा यांच्या दरम्यान पोचला, की थांबा. वर जागा रिकामी का ठेवायची? तालमीत माणूस जपून वाजवतो. मुद्रण सुरू झाले की हाताला जोर चढतो. व्हॉल्व्ह भार सोसून गोडवा देतो, पण इंटरफेस शून्याच्या वर एक तिळही सोसत नाही. तेथे लहर सरळ कापली जाते, आणि कापलेला आवाज मागाहून सांधता येत नाही.

आता त्या गुणगुणीचे पाहू. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तने घेते, आणि तोच सूर वायरीतून मुद्रणात शिरतो. त्याचे नेहमीचे कारण असे: प्रीअँप एका बोर्डावर, संगणक दुसऱ्या बोर्डावर, आणि दोघांच्या अर्थिंगच्या वाटा जोडवायरीतून मिळून एक वेढा तयार होतो. उपाय सोपा आहे. दोन्ही यंत्रे एकाच बोर्डावर लावा. लॅपटॉप असेल तर त्याचा चार्जर काढून पाहा. गुणगुण थांबली तर मुद्रणापुरते बॅटरीवर काम करा. जोडवायर आखूड असावी, आणि विजेच्या वायरीला लगटून नेऊ नये. एवढ्यानेही भागले नाही, तर मध्ये ट्रान्सफॉर्मर असलेली वेगळी करणारी पेटी मिळते, ती घालावी. पण एक गोष्ट करू नका. गुणगुण जाते म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणारे लोक आहेत. ती पिन आवाजासाठी नसून जीव वाचवण्यासाठी असते.

जिवाचा विषय निघालाच आहे, तर स्पष्ट सांगतो. व्हॉल्व्हच्या खऱ्या प्रीअँपमध्ये पत्र्यावर अडीचशे-तीनशे व्होल्टची वीज असते. बटण बंद केल्यावरही ती आतल्या कपॅसिटरांत काही वेळ साठून राहू शकते. म्हणून झाकण उघडू नये, मुलांना उघडू देऊ नये, ओल्या हाताने हात लावू नये. व्हॉल्व्ह बदलायचा तर जाणत्या माणसाकडून बदलून घ्यावा. सुरू करताना सर्व खुंट्या तळाला असाव्यात. व्हॉल्व्ह तापायला मिनिटभर द्यावे, आणि मग वाजवावे. ऐकायचे स्पीकर सर्वांत शेवटी सुरू करावेत आणि बंद करताना सर्वांत आधी बंद करावेत, म्हणजे धाडदिशी आवाज येत नाही.

दोन बारीकसारीक गोष्टी राहिल्या. गिटार नुसत्या प्रीअँपमधून मुद्रित केली, की आवाज कानाला टोचतो. नेहमी आपण तिला स्पीकरमधून ऐकतो, आणि गिटारचा स्पीकर पाच हजार कंपनांच्या वरचे स्वर फारसे बाहेर सोडत नाही. तो गाळणा आता मध्ये नाही. संगणकात स्पीकरची नक्कल करणारी सोय असते, ती लावली की आवाज ओळखीचा होतो. दुसरे, संगणकातून फिरून येणारा आवाज वादकाला किंचित उशिरा ऐकू येतो आणि ताल चुकतो. त्यासाठी इंटरफेसवर ‘डायरेक्ट’ नावाचे बटण असेल तर ते दाबावे. मग आवाज संगणकात न जाता सरळ कानी येतो.

शिक्षक बंधुभगिनींसाठी शेवटचे चार शब्द. हे सारे विज्ञानाच्या तासाला दाखवण्याजोगे आहे: चुंबक, गुंडाळी, ओहमचा नियम, लहरी, सारे एका टेबलावर मांडता येते. पण त्याहून मोठे काम गावात वाट पाहते आहे. हेमा राईरकर, गी पॉइतवाँ आणि त्यांच्या सोबत्यांनी महाराष्ट्राच्या गावोगावी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्यांतल्या कित्येक मुद्रितही केल्या. जाती थांबली तरी त्या ओव्या राहिल्या, त्या या खटाटोपामुळे. आपल्या गावचा ढोलकीवाला, बँजोवर जुनी चाल वाजवणारा म्हातारा कारागीर, गोंधळी, शाहीर, यांचे कोणी मुद्रण केले आहे का? गळ्याच्या मुद्रणाला व्हॉल्व्हचा प्रीअँप लागत नाही. चांगला माईक माईकच्याच वाटेने जोडला की झाले. मुद्रणापूर्वी त्या माणसाची परवानगी घ्यावी. सुरुवातीलाच त्याचे नाव, गाव आणि तारीख मोठ्याने बोलून मुद्रित करावी, आणि प्रती दोन ठेवाव्यात, दोन वेगळ्या जागी.

माणूस पुन्हा पुन्हा त्याच जोमाने गात नाही. काही वेळा तो एकदाच गातो, आणि पुढच्या जत्रेला तो नसतो. त्या एका वेळी आवाज फाटला किंवा गुणगुणीत बुडाला, तर पुढे कितीही महागाचे यंत्र आणले तरी तो परत मिळत नाही. म्हणून बटण दाबण्यापूर्वी पाच मिनिटे खर्चून जोडणी तपासावी. वाद्य प्रीअँपला, प्रीअँप लाइनला, सारी यंत्रे एकाच बोर्डावर, आणि मापपट्टीत वर थोडी मोकळी जागा. एवढी पथ्ये पाळली, तर शाळेच्या खोलीत झालेले मुद्रणही पुढच्या पिढीने आवडीने ऐकावे असे होईल.